वरच्या मजल्यावरच्या काकांना

काका, स. न. वि. वि.

प्लास्टर निघून चार दिवस झाले. जिन्यात भेटलात की आभार मानायचं ठरवते आणि घसा दाटून येतो. म्हणून हे पत्र. उघडच लिहितेय, कारण अजून काही जणांनीही ते वाचावं अशी इच्छा आहे.

पाय मोडला तेव्हा 'काही लागलं तर सांग' म्हणणारे इतके होते की मोजायला दोन्ही हातांची बोटं पुरली नसती. एक मैत्रीण म्हणाली, "मज्जा आहे बाई तुझी! महिनाभर नुसतं वाचायचं नि सिनेमे बघायचे." शंभर सिनेमांची यादी पाठवून ती जी गेली ती गेलीच. मज्जा कसली? पहिल्या आठवड्यात एकच पान मी सात वेळा वाचलं. प्लास्टरच्या आत खाज, पाय उशीवर टांगलेला, आणि सिनेमा अर्ध्यावर आला की कंबर बोलायला लागायची.

तुमची-माझी ओळख नमस्कारापुरती. तरी कापडी पिशवी घेऊन आलात, जुना डीव्हीडी प्लेयर जोडलात आणि न बसताच गेलात.

पिशवीत सगळ्यात वर हिचकॉकचा १९५४ सालचा 'रिअर विंडो'. पाय प्लास्टरमध्ये अडकलेला फोटोग्राफर खिडकीतून शेजाऱ्यांवर नजर ठेवतो! वाटलं, थट्टा करताय. मग पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी दिसली : "११२ मिनिटं. ४७व्या मिनिटाला थांबवा, पायाची बोटं हलवून घ्या. शेवट बघून घाबरू नका." शेवटी त्याचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये! (न पाहिलेल्यांनी माफ करावं.) मोडक्या पायानिशी मी पहिल्यांदा खदखदून हसले.

पण ते ४७ डोक्यात राहिलं. इतकं नेमकं कुणाच्या लक्षात असतं? काकूंकडून कळलं, प्रत्येक सिनेमा द्यायच्या आदल्या रात्री तुम्ही पेन्सिल घेऊन तो पुन्हा अख्खा बघायचात. कुठे थांबलं तर रसभंग होणार नाही, हे शोधायला. जगात भली माणसं बरीच असतील, काका. दुसऱ्याच्या कंबरेसाठी रात्र जागवणारा मी पहिलाच पाहिला.

नंतर 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आला, १९५७चा, जवळजवळ सगळा एका खोलीत. मग विश्राम बेडेकरांची कादंबरी 'रणांगण', १९३९ची, बोटीवरची. तिसऱ्या आठवड्यात ट्यूब पेटली : सगळी माणसं माझ्यासारखीच एका जागी अडकलेली. तुम्ही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाहीत. 'कसं वाटलं?' असंही कधी विचारलं नाहीत, ते तर फार बरं केलंत.

प्लेयर परत पाठवतेय. चिठ्ठ्या मिळणार नाहीत. 'रणांगण'ची शेवटची दहा पानं मुद्दाम ठेवली आहेत. एवढा एक जिना चढता आला की तुमच्याकडेच बसून वाचेन.

तुमची,
खालच्या मजल्यावरची