ट्रिक फिल्ममधले जपानी खरे होते का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत सुरुवातीच्या मूक ट्रिक फिल्म्सवरचा लेख वाचला, मेलिएस आणि सेगुंदो द शोमोन या दिग्दर्शकांच्या कॅमेऱ्याच्या करामती फार छान समजावल्यात. पण पडद्यावर कुणाला कसं दाखवलंय यावर एक ओळ नाही, ते खटकलं म्हणून लिहितेय.

शोमोनची १९०७ ची किरिकी नावाच्या जपानी कसरतपटूंची फिल्म घ्या. एका चिमुकल्याच्या आधारावर अख्खा गट तोललेला दिसतो, प्रत्यक्षात सगळे काळ्या जमिनीवर आडवे पडलेत आणि कॅमेरा वरून शूट करतोय. युक्ती भन्नाटच आहे, पण त्यात जपानी कुणी नाही, विग आणि किमोनो घातलेले पॅरिसचे नट आहेत. आणि खरे जपानी कसरतपटू तर १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनापासून तिकडच्या लोकांना माहीत होते! म्हणजे ज्यांच्या कौशल्यावर लोक फिदा होते त्यांचा वेश घ्यायचा आणि त्यांना मात्र बोलवायचं नाही, आणि ट्रिक इतकी सोयीची की कसरत येणारा माणूसही लागत नाही. मेलिएसच्या १९०१ च्या एका फिल्ममध्ये तर तोंडाला काळं फासलेले विदूषक थपडा खाऊन गोरे होतात, पुन्हा काळे होतात, आणि प्रेक्षकांनी त्यावर हसायचं. हे लेखात यायला हवं होतं.

काहीजण म्हणतील तो काळच तसा होता. अहो, पण फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये १९१३ साली राणी तारामतीची भूमिका साळुंके या पुरुष नटानं केली हे आपण आवर्जून सांगतोच ना, बायका सिनेमात यायला तयार नव्हत्या हेही सांगतो, आणि त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई आल्या हेही. मग परदेशी फिल्म्सबद्दल लिहिताना हा प्रश्न का गाळायचा?

अजून एक, मेलिएसच्या रंगीत प्रिंट्स हातानं रंगवल्या जायच्या, पॅरिसमध्ये एलिझाबेथ थुइलिए या बाईंच्या कारखान्यात दोनशेच्या आसपास बायका फ्रेमन् फ्रेम रंगवायच्या, प्रत्येकीकडे एकच रंग. लेखासोबत जे रंगीत चित्र छापलंय त्याखाली फक्त मेलिएसचं नाव आहे. पुढच्या भागात थुइलिएबाईंवर लिहा ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक, पुणे