हंड्याला हात लावणाऱ्या आजींना

आजी, नमस्कार.

त्या रात्री तुमचं नाव विचारून घेतलं होतं, पण ते इथे लिहीत नाही. पत्र चारचौघांत लिहितेय, गावात उगाच चर्चा नको. तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, तो वाचून दाखवेल.

माण तालुक्यातल्या तुमच्या देवळाच्या सभामंडपात माझा एकटीचा प्रयोग झाला. एकही संवाद नाही, सामान नाही, जे काही सांगायचं ते अंगानेच. खरं सांगायचं तर मी धास्तावूनच आले होते. त्याच्या आधीचा प्रयोग एका मोठ्या शहरातल्या नाट्यगृहात झाला होता. तिथे पहिल्या पाच मिनिटांतच मागून आरोळी आली, "आवाऽऽज! माईक चालू करा!" आयोजकांनी खरोखरच माणूस पाठवून माईक तपासला. प्रयोगानंतर ते पाकीट हातात देत म्हणाले, "छान आहे, पण दोन-चार संवाद टाका की." आपल्याकडे एकपात्री म्हणजे बोलणं, त्याला लोक तरी काय करणार? लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी केली, ती बोलून बोलूनच. आरोळीचा मला राग नाही. राग आहे तो नंतरच्या चर्चेत बोललेल्या एका जाणकारांचा. मी पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवते ना, ती त्यांना 'स्त्रीच्या माथी मारलेला काटेरी मुकुट' वाटली. त्यावर ते बराच वेळ बोलले. लोकांनी माना डोलावल्या. मी पाणी पीत बसले.

आणि मग तुमचं गाव.

त्या प्रसंगात बाई विहिरीवरून हंडा भरून घेते आणि तिला तो डोक्यावर चढवता येत नाही. रोजची जोडीदारीण आज आलेली नाही. एकदा उचलते, मांडीपर्यंत येतो, खाली ठेवते. पोरं हसली, ते बरोबरच होतं, मीही तिथे थोडं हसवतेच. दुसऱ्यांदा उचलते, छातीपर्यंत येतो, हात थरथरतात. तिसऱ्यांदा ती एकटीच कशीबशी चढवते, असं बसवलेलं आहे.

तिसऱ्यांदा मी वाकले आणि तुम्ही उठलात.

बायकांच्या घोळक्यातून वाट काढत आलात, पदर खोचलात. आधी माझ्या हातांकडे बघितलंत, काठ कुठे आहे ते पाहायला. मग एक हात बुडाखाली घातलात, दुसरा काठाला लावलात, पाय फाकवून उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हं, उचल." आपण दोघींनी एकाच दमात तो उचलला. डोक्यावर बसल्यावर तुम्ही लगेच हात काढला नाहीत. तो डुचमळायचा थांबेपर्यंत धरून ठेवलात. चुंबळ डावीकडे सरकली होती, ती दोन बोटांनी नीट केलीत. आणि जागेवर जाऊन बसलात, जणू काही झालंच नाही.

फ्रान्समध्ये एतिएन देक्रू नावाचे एक गुरुजी होऊन गेले. शरीराने अभिनय कसा करायचा याचं अख्खं शास्त्र त्यांनी बांधलं. हातात काहीच नसताना वजन दाखवायचं तर नुसते हात पुरत नाहीत; टाच, गुडघा, कंबर, श्वास, सगळ्यांनी ते उचलावं लागतं. १५ लिटरच्या हंड्यात पाणीच १५ किलो, पितळेचं वजन वेगळं. मान आधी ताठ होते की टाच आधी रुतते, यावर मी महिनोन् महिने घाम गाळलाय. तुमची टाच माझ्या आधी रुतली, आजी. मी चोरून बघितली.

त्यानंतर मी चालायला लागले तेव्हा पुढे बसलेल्या बायकांनी पाय आवरून मला वाट करून दिली. एका पोरीने तर आपलं दप्तर बाजूला ओढलं, भिजेल म्हणून! हसणारी पोरं गप्प झाली होती.

प्रयोगानंतर तुम्ही मला काही विचारलं नाहीत. अर्थ काय, संदेश काय, हे कशासाठी करता, लग्न झालंय का, काहीच नाही. "जेवून जा," एवढंच म्हणालात. एसटीच्या दारात बोचकं अडलेल्या बाईला जो खालून हात देतो, तो तिला कुठे जायचंय ते आधी विचारत नाही. अशी माणसं आहेत अजून, भरपूर आहेत. नाट्यगृहाच्या पहिल्या रांगेचे पास मात्र त्यांना कुणी पाठवत नाही.

त्या दिवसापासून प्रयोगात एवढाच बदल केलाय: दुसऱ्यांदा हंडा खाली ठेवल्यावर मी थोडी जास्त थांबते. प्रेक्षकांकडे बघत नाही, नुसती कमरेवर हात ठेवून उभी राहते. शहरात अजून कुणी उठलेलं नाही. परवा एक गृहस्थ अर्धवट उठले होते, पण त्यांना फोन आला होता.

कुणी आलंच तर नातवाच्या फोनवर कळवीन. आणि त्या रात्रीच्या पिठल्याचेही आभार मानायचे राहिले होते, तेही यातच धरा.

तुमची,
हंडेवाली