पाकोळीसाठी भिंतीत एक फट राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्थलांतर म्हटलं की पेपरात करकोचे, बदकं, हंस यांचेच फोटो येतात, पाकोळीचं कुणी नावच घेत नाही म्हणून हे पत्र.

कॉमन स्विफ्ट ही पाकोळी दिसायला साधीच, काजळी तपकिरी रंग, गळ्याखाली फिकट ठिपका, वजन जेमतेम 40 ग्रॅम. पण पंख बघा, विळ्यासारखे लांब आणि मागे वळलेले! पाय इतके आखूड की उभ्या भिंतीला नखांनी लटकता येतं पण तारेवर भिंगरी पक्ष्यासारखं बसता येत नाही. खाणं, पिणं, झोप सगळं उडता उडताच. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी पाठीवर छोटे लॉगर (हालचालींची नोंद ठेवणारी यंत्रं) लावून 2016 मध्ये दाखवून दिलं की काही पाकोळ्या सलग 10 महिने कुठेही टेकल्याच नाहीत, म्हणजे युरोपातून निघून सहारा ओलांडून आफ्रिकेत जायचं, तिथला मुक्काम हवेतच काढायचा आणि तसंच परत यायचं. बीजिंगच्या समर पॅलेसमधल्या पाकोळ्या तर पार दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला जाऊन येतात.

खाली उतरायचं ते फक्त अंडी-पिल्लांसाठी, आणि त्यासाठी दरवर्षी शक्यतो तीच फट लागते, कौलाखालची नाहीतर जुन्या भिंतीतली. हवेत तरंगणारी पिसं, काड्या पकडून लाळेने चिकटवतात, झालं घरटं. पिल्लांसाठी शेकडो किडे घशात गोळा करून आणतात तेव्हा गळा टम्म फुगलेला दिसतो. गारठा-पावसात किडे मिळाले नाहीत तर पिल्लं अंगाचं तापमान उतरवून काही दिवस उपाशी तग धरतात, हे मला सगळ्यात भारी वाटतं. साधारण 6 आठवड्यांनी पिल्लू एकटंच बाहेर झेपावतं, आईबाप शिकवायला नसतात.

आणि आपण काय करतो, रिपेरिंग काढून त्याच फटी सिमेंटने बुजवतो. परत आलेल्या पाकोळ्या बंद भोकावर धडका देत राहतात. किडे कमी झालेत हेही खरंच, पण फटी तर आपल्या हातातल्या आहेत ना. ब्रिटनमध्ये 2021 साली ही जात रेड लिस्टमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त काळजी करण्यासारख्या पक्ष्यांच्या यादीत गेली. तिथे आता भिंतीत बसवायच्या पोकळ विटा मिळतात, त्यात पाकोळ्या खरंच राहतात. जिथे जिथे त्या घरटी करतात तिथे निदान काम काढायच्या आधी फटीत घरटं आहे का बघावं आणि पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं. एखादी जमिनीवर पडलेली सापडली तर हवेत फेकू नका प्लीज, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून पक्षी वाचवणाऱ्यांना फोन करा.

आपली एक वाचक