त्या नौदल कराराला कुचकामी म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतील लेखात दोन महायुद्धांच्या मधल्या काळातले नौदल करार ‘कागदी घोडे’ म्हणून निकालात काढलेले वाचले. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे, म्हणून राहवले नाही.

६ फेब्रुवारी १९२२ रोजी वॉशिंग्टनला नौदल करारावर सह्या झाल्या तेव्हा अमेरिका, ब्रिटन आणि जपान यांच्यात मोठ्या युद्धनौकांची शर्यत ऐन भरात होती. करारानंतर अर्धवट बांधलेली जहाजे खरोखरच भंगारात गेली. अमेरिका, ब्रिटन, जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांच्या एकूण वजनाचे प्रमाण ५:५:३ ठरले आणि नव्या युद्धनौकेला ३५,००० टनांची मर्यादा आली. वाटाघाटी किती चिवट होत्या हे जपानच्या ‘मुत्सु’वरून कळते. अमेरिकेच्या यादीत हे जहाज अपुरे, म्हणजे मोडीत काढायचे होते. जपान म्हणे, ते पूर्ण झाले आहे आणि त्यासाठी आमच्या शाळकरी मुलांनीही पैसे दिले आहेत. अखेर ‘मुत्सु’ राहिले. त्या बदल्यात अमेरिकेने दोन जहाजे पुरी केली, ब्रिटनला दोन नवी बांधायची मुभा मिळाली.

मग हे बिनसले कुठे? माझ्या मते समुद्रावर नाही, टोकियोत. १९३० च्या लंडन कराराने क्रूझरच्या, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकांच्या, एकूण वजनावरही मर्यादा आली. पंतप्रधान हामागुची यांनी नौदलातील कडव्या अधिकाऱ्यांचा विरोध पत्करून तो मंजूर करून घेतला. त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला टोकियो स्थानकात एका माथेफिरू राष्ट्रवादी तरुणाने त्यांच्यावर गोळी झाडली. जखम पुरती भरलेली नसताना ते संसदेत उभे राहिले. ऑगस्ट १९३१ मध्ये ते गेले. हा प्रसंग वाचताना आजही पोटात कालवते. त्यानंतर जपानात कराराच्या बाजूने बोलणे जिवावरचे झाले. १९३४ च्या डिसेंबरात जपानने वॉशिंग्टन करार सोडण्याची नोटीस दिली, १९३६ अखेर तो संपला. १९३८ मध्ये नागासाकीत ‘मुसाशी’ ही युद्धनौका बांधायला घेतली, ती जुन्या मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट वजनाची. कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून भोवती दोरखंडांचे अवाढव्य पडदे टांगले होते. करार पाळला जात होता तोवर अशा पडद्यांची गरज पडली नव्हती.

आणखी एक. वॉशिंग्टनच्या करारावर हिंदुस्थानच्या वतीने सही आहे ती व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांची. नामदार गोखल्यांच्या मागे पुण्यातल्या भारत सेवक समाजाची धुरा त्यांनीच वाहिली. राज्य इंग्रजांचे, तेव्हा त्या सहीला वजन किती हे उघड आहे. तरी पुण्याच्या दैनिकातील पानभर लेखात त्यांचे नावही नसावे, हे मनाला लागले. पुढच्या पुरवणीत चार ओळी जरूर छापाव्यात, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे