मांतोवानींच्या तबकड्या कान देऊन ऐकाव्यात

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील तबकड्यांच्या पुनरागमनाविषयीचा लेख आवडीने वाचला. जॅझ, रॉक, गझल आणि जुनी चित्रपटगीते यांच्या तबकड्यांमागे हिंडणाऱ्या तरुण संग्राहकांविषयी त्यात आस्थेने लिहिले आहे. मात्र 1950 आणि 1960 च्या दशकांतील पाश्चात्त्य वाद्यवृंदांच्या तबकड्या, म्हणजे मांतोवानी, पर्सी फेथ, फ्रँक चॅक्सफील्ड, पॉल मॉरिया यांचे वादन, ‘लिफ्टमध्ये वाजणारे संगीत’ म्हणून एका वाक्यात निकालात काढले आहे. या तबकड्यांवर जीव असलेला श्रोता म्हणून मला ते मान्य नाही. हे संगीत कानाला सोपे वाटते हे खरे. पण तो सोपेपणा ज्यांनी घडवला त्यांचे काम फार अवघड होते आणि ते तबकडीवर आजही ऐकू येते.

मांतोवानींचेच उदाहरण घेतो. व्हेनिसमध्ये 1905 साली जन्मलेला आणि लहानपणीच इंग्लंडला आलेला हा व्हायोलिनवादक आधीपासूनच लंडनमध्ये नावाजलेला होता, पण जगभर त्याचे नाव झाले ते 1951 मध्ये ‘शारमेन’ या जुन्या वॉल्ट्झच्या, म्हणजे तीन मात्रांच्या नृत्यधुनेच्या, ध्वनिमुद्रणामुळे. त्या ध्वनिमुद्रणामागे रोनाल्ड बिंज हे संगीत संयोजक होते. तरुणपणी मूकपटांच्या थिएटरात ऑर्गन वाजवणाऱ्या बिंज यांना मोठ्या चर्चमध्ये रेंगाळणाऱ्या नादाचे वेड होते. दगडी घुमटाखाली वाजवलेला स्वर विरण्याआधीच पुढचा स्वर येतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळतात, तो परिणाम त्यांना स्टुडिओत हवा होता. त्यासाठी त्यांनी यंत्राकडे धाव घेतली नाही. तो घुमारा त्यांनी स्वरलिपीत लिहून काढला.

ही युक्ती आपल्या परिभाषेत सांगता येईल. चाल सा, रे, ग, म अशी चढत आहे असे समजा. एरवी सगळी व्हायोलिने मिळून सा वाजवतील, मग सगळी रे वर जातील आणि सा तिथेच संपेल. बिंज यांनी व्हायोलिनवादकांचे गट पाडले. पहिल्या गटाने सा घ्यायचा आणि चाल पुढे गेली तरी त्याची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, धरून ठेवायची, दुसऱ्याने रे उचलून तसाच लांबवायचा, तिसऱ्याने ग, आणि या क्रमाने फिरत फिरत पहिल्या गटाकडे पुन्हा नवा स्वर येईपर्यंत मागचे सगळे स्वर हळूहळू ओसरत राहायचे. म्हणजे वाद्यवृंदातला कोणताही गट अखंड चाल वाजवत नाही, प्रत्येकाच्या पानावर सुटे सुटे लांब स्वर असतात, आणि चाल जुळते ती थेट ऐकणाऱ्याच्या कानात. एकाही गटाने स्वर अर्धी मात्रा आधी सोडला किंवा गजाचा दाब जरा वाढवला, तर त्या जागी भोक पडते. ‘शारमेन’चा पहिलाच तुकडा हे डोक्यात ठेवून ऐकावा, वरच्या पट्टीतून स्वर खाली ओघळतात तेव्हा त्यांच्यामागे उरलेली झिलई म्हणजे आधीचेच स्वर आहेत, हे स्पष्ट कळते. मला तर हे कळल्यानंतर ती तबकडी नुसती मागे लावून दुसरे काही करणे जमेनासे झाले.

हे सूक्ष्म काम तबकडीवर उतरले याचे श्रेय डेक्का कंपनीच्या अभियंत्यांनाही द्यायला हवे. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचे आवाज ओळखण्याच्या प्रशिक्षणासाठी ध्वनिमुद्रणाची जी पद्धत आर्थर हॅडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली, ती 14,000 हर्ट्झच्या आसपासपर्यंतचे नाद टिपू शकत होती. युद्धानंतर तीच पद्धत संगीताच्या कामी आली, आणि कंपनीने लेबलवर कानाचे चित्र छापून तिचा गाजावाजा केला. व्हायोलिनचा तजेला वरच्या कंपनांतच असतो. ती कापली गेली तर वीस व्हायोलिने मिळूनही एखाद्या पेटीसारखी सपाट वाटू लागतात. पुढे स्टिरिओ आल्यावर तर असे गट पाडून केलेले संयोजन स्पीकरच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत पसरलेले ऐकू येऊ लागले, आणि स्टिरिओ यंत्र घेणाऱ्या असंख्य घरांत मांतोवानींची तबकडी आली ती यामुळेच.

पर्सी फेथ यांची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती फार जवळची वाटते. टोरांटोच्या या मुलाची मैफलीतला पियानोवादक होण्याची तयारी चालू होती. तो अठरा वर्षांचा असताना धाकट्या बहिणीच्या कपड्यांनी पेट घेतला, ती आग विझवताना त्याचे हात भाजले आणि तो रस्ता बंद झाला. मग तो संयोजनाकडे वळला. त्यांची ‘अ समर प्लेस’ या चित्रपटाची धून सप्टेंबर 1959 मध्ये न्यूयॉर्कच्या 30 व्या रस्त्यावरील कोलंबियाच्या स्टुडिओत मुद्रित झाली, तो स्टुडिओ म्हणजे एक जुने चर्चच होते. 1960 मध्ये ती अमेरिकेतील लोकप्रिय गाण्यांच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. एकही शब्द नसलेल्या वादनाला असे यश मिळावे, ही लहान गोष्ट नव्हे. पॉल मॉरिया यांच्या ‘लव्ह इज ब्लू’ने 1968 मध्ये, रॉक ऐन भरात असताना, तेच पाच आठवडे साधले.

या प्रकारातले सगळेच उत्तम होते असे मी म्हणणार नाही. पुढे पुढे गाजलेली गाणी घ्यायची, खाली तोच तो ठेका ठेवायचा आणि वर व्हायोलिने पसरायची, असा साचा झाला आणि त्या तबकड्या खरोखरच कंटाळवाण्या आहेत. पण साचेबंद अनुकरणावरून मूळ कारागिरांची पारख करणे अन्यायाचे आहे.

मराठी श्रोत्याला तर हा नाद परका वाटायचे कारणच नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हायोलिनचे मोठे ताफे बसत, त्यात गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून आलेले किती तरी वादक असत, आणि अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक त्या ताफ्यासाठी एकेक ओळ लिहून देत. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांनी ॲकॉर्डियनवर वाजवलेल्या चित्रपटगीतांच्या तबकड्या आपल्याकडे आवडीने घेतल्या गेल्या. शब्दाविना चाल ऐकण्याची गोडी आपल्या घरांत होतीच. वाईट एवढेच वाटते की संगीतकार आणि गायक यांची नावे तोंडपाठ असणाऱ्या रसिकांनाही संयोजकाचे नाव क्वचितच सांगता येते, आणि हे लंडनच्या बाबतीत जितके खरे तितकेच मुंबईच्या.

ज्यांच्या घरी अशा तबकड्या माळ्यावर पडून असतील त्यांना एक विनंती आहे. जुन्या बाजारात त्या सर्वांत स्वस्त ढिगात जातात, म्हणून त्या रद्दीच्या भावाने काढून टाकू नयेत. आधी मऊ ब्रशने धूळ काढावी, सुई झिजलेली असेल तर बदलावी आणि मगच मत बनवावे. व्हायोलिनचे ताफे खराब सुईला सर्वांत आधी उघडे पाडतात. तबकडीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर वेगाने सरकते, तर मध्याजवळ तोच वेग जेमतेम 21 सेंटिमीटर उरतो; त्यामुळे तबकडीच्या प्रत्येक बाजूवरील शेवटच्या धुनेत उंच स्वर फाटल्यासारखे येतात आणि दोष बिचाऱ्या वादकांच्या माथी बसतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरवर ऐकूनही या संगीताची परीक्षा होणार नाही. दोन स्पीकर एकमेकांपासून पुरेसे दूर ठेवून, मधोमध बसून एक बाजू शांतपणे ऐकावी.

आपल्या पुरवणीने तबकड्यांचा विषय हाती घेतलाच आहे, तर बिंज आणि फेथ यांच्यापासून गोन्साल्विस आणि डिसोझा यांच्यापर्यंतच्या संयोजकांवर एक लेखमाला जरूर द्यावी. मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत व्हायोलिन वाजवलेली काही मंडळी अजून आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणी आणि त्यांनी जपलेले स्वरलिपीचे कागद अशा निमित्ताने छापले गेले, तर माझ्यासारखे अनेक वाचक ऋणी राहतील.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे