मदत कमी केलीत, त्याबद्दल

प्रिय डॉक्टर,

तुम्ही माझ्या धाकटीच्या वयाच्या. "काकू, अहो-जाहो नको" असं दहादा सांगितलंत, पण आमच्या ह्यांना ज्यांनी पायावर उभं केलं त्यांना अगं-तुगं करायला माझी जीभ वळत नाही. नाव लिहू नका म्हणालात, तेवढं मात्र ऐकते.

ह्यांची उजवी बाजू गेली तेव्हा श्रावण चालू होता. रात्री अकराला म्हणाले, हात जड वाटतोय. मी म्हटलं, कुशीवर झोपला होतात, सकाळी बघू. सकाळी तोंड वाकडं झालेलं आणि शब्द फुटेना. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे मला कॅज्युअल्टीच्या दारात कळलं. ती रात्र माझ्या मनातून जात नाही. तुमच्यापाशी रडले तेव्हा तुम्ही म्हणालात, "काकू, ते आता राहू द्या. पहिले तीन महिने फार महत्त्वाचे असतात, उद्यापासून आणा त्यांना."

चालायला शिकवणारा तुमचा तो रोबोट पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोटात गोळाच आला. छातीला जाकीट, वरून टांगलेले पट्टे, मांड्यांना नि पोटऱ्यांना कड्या, आणि खाली ट्रेडमिल. नुसतं बांधून होईपर्यंत किती वेळ जायचा! तेवढ्यात तुम्ही सांगितलंत, की असं यंत्र झुरिकच्या बालग्रिस्ट रुग्णालयात मणक्याच्या रुग्णांसाठी घडलं. त्याआधी दोन फिजिओ ट्रेडमिलच्या दोन बाजूंना बसून हातांनी पाय पुढे सरकवत, आणि पेशंटच्या आधी त्यांचीच कंबर मोडे. मग मोटर सुरू झाली. खुब्यातून, गुडघ्यातून ह्यांचा पाय उचलला, पुढे पडला. मुलाने व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला, "बाबा चालले!"

तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, "आज मशीन चाललं. काका अजून चालायचे आहेत." मला तेव्हा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही मशीनची मदत कमी करत गेलात. वरून उचलून धरलेलं वजन थोडं कमी, मोटरचा जोर थोडा कमी. ह्यांना घाम फुटायचा, पाय अडकायचा. मी भांडले सुद्धा, एवढे पैसे भरतो ते कशासाठी? तुम्ही आवाज न चढवता सांगितलंत, की सगळं मशीनने केलं तर पाय हलेल, पण मेंदू नुसता बसून राहील. त्याने धडपड केली तरच तो नवी वाट शोधतो. रोबोट झाल्यावर रोज जमिनीवर, दोन समांतर दांड्यांमध्ये तोच व्यायाम. नुसत्या रोबोटवर भागत नाही, हे तुम्ही पहिल्या दिवसापासून बजावलंत. ज्याला अजिबात चालता येत नाही त्याला पहिल्या तीन महिन्यांत याचा जास्त उपयोग होतो, पण चालीचा वेग वाढेल अशी आशा लावणार नाही, हेही. एवढं सरळ बोलणारं माणूस त्या दिवसांत दुसरं भेटलं नाही.

आणि तो दिवस. चवडा काही केल्या उचलेना, बोटं जमिनीला घासायची. तुम्ही फाइल चाळताना वाचलंत, की हे पीएमटीत, म्हणजे पुण्याच्या सिटी बसवर, ड्रायव्हर होते. गुडघे टेकून खाली बसलात, ह्यांच्या उजव्या पायाखाली आपला तळहात ठेवलात आणि म्हणालात, "काका, स्वारगेटचा सिग्नल लाल झालाय. ॲक्सिलेटरवरचा पाय उचला." अंगठा हलला. मग चारही बोटं, आणि चवडा बोटभर वर आला. तुम्ही वर पाहिलंत ते माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. त्या क्षणी ह्यांच्या चेहऱ्यावर ड्रायव्हर परत आला होता.

ह्यांना माझं नाव घेता येत नव्हतं, पण आकडे यायचे. पाठ असलेलं असं कधीकधी टिकून राहतं, म्हणालात, आणि प्रत्येक पावलाला मोजायला लावलंत. एक, दोन, तीन. वीसच्या पुढे तुमचाही आवाज त्यात असायचा. दुपारचे दोन वाजायचे आणि तुमचा डबा खिडकीत तसाच बंद.

आता घोट्याला पट्टा, हातात चार पायांची काठी, आणि सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत फेरी. पाय अजून थोडा बाहेरून फिरवून टाकतात, हात तर अजून मागेच आहे. पण परवा स्टॉपवर जाऊन उभे राहिले. तीन बस सोडल्या, नुसतं बघत होते. चौथी आली तेव्हा पुटपुटले, "चढताना चांगला पाय, उतरताना हा." तुम्ही शिकवलेलं.

बुधवारी तपासणीला रिक्षाने नाही, बसने येतो आहोत. त्या दिवशी डबा आणू नका. मी थालीपीठ आणि लोणी घेऊन येते, आणि तुमचं खाऊन होईपर्यंत आम्ही बाहेर बाकावर बसू.

तुमची,
बिबवेवाडीची काकू