पॉइंटर शिकवताय ना, मग त्याचा मालक कोण तेही शिकवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत मुलांनी कोडिंगची कुठली भाषा शिकावी यावर पानभर मजकूर होता, तो मी आणि माझ्या मुलीने (ती इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला आहे) पोहे खाता खाता वाचला आणि तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. त्यात पॅकेज होतं, प्लेसमेंट होती, एआय होतं, पण ज्या एका गोष्टीपायी माझ्या नोकरीतल्या कितीतरी रात्री गेल्या ती कुठेच नव्हती. प्रोग्रॅमने मेमरी मागून घेतली तर ती परत कोणी करायची?

ज्यांचा कोडिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फंक्शनमधले साधे व्हेरिएबल स्टॅकवर (फंक्शनपुरत्या तात्पुरत्या मेमरीत) बसतात आणि फंक्शन संपलं की आपोआप जातात, त्याची काळजी करावी लागत नाही. पण एखादी गोष्ट किती मोठी लागेल हे आधी माहीत नसेल, किंवा फंक्शन संपल्यावरही ती टिकून राहायला हवी असेल, तर मेमरी हीपवरून (मागितल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या मेमरीतून) मागावी लागते. सी भाषेत त्यासाठी मॅलॉक आहे, तो त्या जागेचा पत्ता हातात देतो (असा पत्ता म्हणजेच पॉइंटर), काम झालं की त्याच पत्त्यावर फ्री करायचं, म्हणजे जागा परत द्यायची, आणि एकदाच करायचं. विसरलात तर लीक, म्हणजे ती जागा अडकून बसते, दोनदा केलंत तर डबल फ्री, आणि फ्री करून झाल्यावर परत तोच पत्ता वापरलात तर युज आफ्टर फ्री, जी या तिघांत सगळ्यात वाईट, कारण बऱ्याचदा प्रोग्रॅम बंदच पडत नाही, चुकीचं उत्तर देऊन पुढे चालत राहतो.

मी हे सगळं शिकलो ते कॉलेजात नाही, एका दूध संकलन केंद्रावर. तेव्हा मी एका छोट्या कंपनीत होतो, दुधाचं वजन आणि फॅट मोजून शेतकऱ्याला पावती देणारं मशीन आम्ही करायचो. आत सगळी मिळून ६४ केबी रॅम, त्यातली १६ केबी हीपला. प्रत्येक शेतकऱ्याचं दूध आलं की ४८ बाइटची एक नोंद मॅलॉकने घ्यायची. सांगलीकडच्या एका केंद्रावरून दर आठवड्याला फोन यायचा की मशीन पहाटे लटकतं, आणि पहाट म्हणजे तिथे ऐन गर्दीची वेळ, किटल्या घेऊन लोक उभे, टँकर यायची वेळ झालेली. आम्ही काय सांगायचो, तर बंद करून चालू करा. सहा महिने आम्ही हेच सांगत होतो याची मला आजही लाज वाटते.

शेवटी मी तिथे जाऊन राहिलो. दुधात फेस असला की फॅटचं रीडिंग फेल जायचं आणि स्क्रीनवर परत सॅम्पल घ्या असं यायचं, दिवसाला साधारण चाळीस वेळा. त्या फेल झालेल्या वाटेवर फंक्शन अर्ध्यातूनच परत यायचं आणि खालची फ्रीची ओळ राहून जायची. ४८ बाइट आणि मॅलॉकचे स्वतःच्या हिशोबाचे ८, म्हणजे दर वेळी ५६ बाइट गायब. १६,३८४ ला ५६ ने भागा, २९२ येतात, दिवसाला चाळीस धरले तर सात दिवस आणि थोडं. फोन बरोबर आठवड्याने का येतो ते त्या केंद्रातल्या बाकड्यावर बसून वहीत भागाकार केला तेव्हा कळलं.

मग मी ते दुरुस्त केलं, म्हणजे मला तसं वाटलं. फंक्शन कुठल्याही वाटेने संपलं तरी शेवटी फ्री होईलच अशी व्यवस्था केली. लटकणं थांबलं. दोन महिन्यांनी एक शेतकरी पावती घेऊन केंद्रावर आला, वरच्या अर्ध्या भागात त्याचं नाव आणि कोड, खालच्या अर्ध्यात फॅट ३.८. त्याच्याकडे फक्त म्हशी. म्हशीच्या दुधाला साडेसहा-सातचं फॅट घेणाऱ्या माणसाच्या हातात गायीच्या दुधाचा भाव आला होता. झालं असं होतं की पावती छापताना मध्येच कागदाचा रोल संपला, रोल बदलेपर्यंत पुढच्याचं दूध मापून झालं, आणि ज्या पत्त्यावर या माणसाची नोंद होती ती मी आधीच फ्री केलेली असल्यामुळे मॅलॉकने तीच जागा पुढच्या माणसाला दिली. छपाईच्या कोडकडे मात्र जुनाच पत्ता होता, त्याने तिथे जे होतं ते छापलं. मोजणारं फंक्शन म्हणत होतं नोंद माझी आहे आणि छापणारं पण म्हणत होतं माझी आहे, आणि दोघांपैकी खरा मालक कोण हे आख्ख्या कोडमध्ये एका ओळीतही लिहिलेलं नव्हतं. सी मधला पॉइंटर नुसता पत्ता असतो, त्यावर मालकाचं नाव नसतं.

आपल्याकडे एकच प्लॉट दोघांना विकल्याच्या बातम्या तुम्हीच छापता. तिथे भांडण होतं कारण खरेदीखत झालं तरी सातबारावर फेरफार पडलेला नसतो आणि जुन्या मालकाचं नाव तसंच दिसत राहतं. आमच्या मशीनमध्ये हेच झालं होतं. आणि म्हणूनच रस्ट या भाषेतला बॉक्स जेव्हा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला ते पावतीवालं प्रकरण डोळ्यासमोर आलं.

रस्ट ही भाषा ग्रेडन होअर यांनी २००६ मध्ये स्वतःपुरती सुरू केली, पुढे मोझिलाने तिला आधार दिला, १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. सुरुवातीला त्यात हीपवरच्या मालकीच्या पॉइंटरसाठी टिल्डचं (~) चिन्ह होतं, १.० च्या आधी ते काढून सरळ बॉक्स हा शब्द ठेवला आणि बरं केलं, कारण चिन्हापेक्षा शब्द डोळ्याला आधी दिसतो. बॉक्स म्हणजे हीपवरची एक वस्तू आणि तिचा एकच मालक. मालक ज्या कंसात जन्मला तो कंस संपला की वस्तूची मेमरी आपोआप परत जाते, फंक्शन मधूनच परत आलं तरी जाते, म्हणजे माझी फेसाच्या दुधाची चूक तिथे झालीच नसती. ६४ बिटच्या मशीनवर साधा बॉक्स ८ बाइटचा, सी च्या पॉइंटरएवढाच, त्याच्या मागे कोणी गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी शोधून साफ करणारा) फिरत नाही आणि वस्तू किती जण वापरतायत ते मोजणारा काउंटर पण नसतो. आणि खरी गोष्ट ही की तुम्ही लेट ब = अ असं लिहिलंत की मालकी ब कडे गेली, त्यानंतर अ ला (म्हणजे आधीच्या बॉक्सला) हात लावलात तर प्रोग्रॅम कंपाइलच होत नाही, म्हणजे चालायच्या आधीच अडतो, ई०३८२ नंबरचा एरर येतो आणि कुठल्या ओळीत मालकी गेली, कुठल्या ओळीत तुम्ही ती परत वापरताय हे दोन्ही दाखवतो. म्हणजे फेरफार जागच्या जागी. आणि छपाईसारख्या कामाला नुसतं बघायचं असेल तर मालकी न देता उसनं देता येतं, पण उसनं घेतलेला माणूस ती वस्तू बघत असताना मालकाला ती टाकून देता येत नाही, हे पण कंपाइलर पाहतो.

सी प्लस प्लसवाले लगेच म्हणतील आमच्याकडे युनिक पॉइंटर (एकच मालक असणारा पॉइंटर) आहे, आणि आहेच, २०११ पासून आहे, मी रोज वापरतो आणि वापरायलाच हवा. त्याआधी १९९८ च्या स्टँडर्डमध्ये ऑटो पॉइंटर होता, तो दिसायला साधी कॉपी करायचा आणि गुपचूप मालकी हलवायचा, त्याने इतका घोळ घातला की २०१७ मध्ये तो भाषेतूनच काढून टाकला. युनिक पॉइंटरची कॉपी होत नाही, मूव्ह असं स्पष्ट लिहावं लागतं, पण मूव्ह झाल्यावर जुना पॉइंटर रिकामा होऊन तसाच उभा राहतो आणि तो वापरला तरी कंपाइल होतं, आपटतं ते प्रोग्रॅम चालताना. माझ्या मते दोघांतला हा फरक मोठा आहे.

हे फक्त माझ्या एका मशीनपुरतं नाही हो. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की त्यांच्याकडे दरवर्षी नोंदल्या जाणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी ७० टक्क्यांच्या आसपास मेमरीच्या चुकांमधून येतात. क्रोम ब्राउझरच्या टीमनेही गंभीर त्रुटींसाठी तोच ७० टक्के आकडा दिला, आणि त्यातल्या निम्म्या युज आफ्टर फ्रीच्या, म्हणजे माझ्या पावतीच्या जातीच्या. अँड्रॉइडमध्ये २०१९ ला मेमरीच्या त्रुटींचं प्रमाण ७६ टक्के होतं, नवीन कोड रस्टसारख्या भाषांमध्ये लिहायला लागल्यावर २०२४ ला २४ टक्क्यांवर आलं. लिनक्स कर्नलनेही (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीपासून रस्टला दार उघडलंय.

आता कॉलेजकडे येतो. माझ्या मुलीचं जर्नल बघितलं, लिंक्ड लिस्टचा प्रॅक्टिकल (यात प्रत्येक नोंद, म्हणजे नोड, पुढच्या नोडचा पत्ता बाळगते), सहा ठिकाणी मॅलॉक आणि एकदाही फ्री नाही, खाली सरांची सही आणि दहापैकी नऊ. मुलीची यात काही चूक नाही आणि सरांना दोष देऊन पण उपयोग नाही, कारण चाळीस ओळींचा प्रोग्रॅम दोन सेकंदात संपतो आणि संपल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सगळी मेमरी काढून घेते, मग फ्री नसल्याचं कळणार कसं? आउटपुट बरोबर आलं ना, झालं. काही लॅबमध्ये तर अजून निळ्या स्क्रीनचं टर्बो सी चालतं, तिथे तपासायचं साधन पण नाही. अशी मुलं मग आमच्याकडे येतात आणि महिनोन्‌महिने बंद न होणाऱ्या मशीनचा कोड लिहायला बसतात.

तीच लिंक्ड लिस्ट मी तिच्याकडून रस्टमध्ये लिहून घेतली. आधी तिने नोडच्या आत थेट नोड ठेवला, कंपाइलर म्हणाला या टाइपचा आकार अनंत होतोय, मध्ये बॉक्स घाल. ती दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, बाबा म्हणजे प्रत्येक नोड पुढच्या नोडचा मालक आहे का? हो, बरोब्बर तेच. सहा महिने नेक्स्ट नेक्स्ट करून जे कळलं नव्हतं ते एका एररमध्ये कळलं. मग मी तिला लिस्ट दहा लाख नोडची करायला सांगितली, तेव्हा शेवटी साफसफाई करताना प्रोग्रॅम कोसळला, कारण पहिला मालक जाताना दुसऱ्याला टाकतो, दुसरा तिसऱ्याला, आणि ही साखळी स्टॅकवर चढत जाते, तिथे हाताने लूप लिहावा लागतो. हेही तिला कळायला हवं होतं. रस्टमध्ये लीक होतच नाही असंही मी म्हणणार नाही, मुद्दाम करता येतो आणि काउंटरवाले पॉइंटर एकमेकांना धरून बसले तर नकळतही होतो. आणि गाड्यांच्या क्षेत्रात मिस्रा सी चे (सी सुरक्षित लिहिण्याच्या नियमावलीचे) नियम तर हीपला हातच लावू नका म्हणतात. आमच्या मशीनमध्येही मी शेवटी मॅलॉक काढून ३२ नोंदींचं ठरलेलं टेबल केलं आणि छपाई पूर्ण होईपर्यंत नोंदीचा मालक छपाईच, असं ठरवून टाकलं.

त्यामुळे सी काढून टाका असं मी अजिबात म्हणत नाहीये, मॅलॉक शिकलाच पाहिजे, नाहीतर बॉक्स आपल्यासाठी काय करतो ते कळणारच नाही. माझं मागणं अगदी छोटं आहे. डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रॅक्टिकलला प्रत्येक पॉइंटरसमोर कॉमेंटमध्ये लिहायला लावा की याचा मालक कोण, आणि व्हायवाला तेच विचारा. प्रोग्रॅम व्हॅलग्रिंडखाली (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालवून त्याचा रिपोर्ट जर्नलला लावा, लिनक्सवर ते फुकट मिळतं आणि किती बाइट हरवले ते सरळ आकड्यात सांगतं. आणि सेमिस्टरचे शेवटचे दोन तास तीच लिस्ट युनिक पॉइंटर आणि बॉक्स वापरून लिहून घ्या. सिलॅबस ठरवणाऱ्या मंडळींपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर पिंपरी-चिंचवड किंवा पुण्यातल्या कुठल्याही कॉलेजात शनिवारी येऊन हे दोन तास घ्यायला मी तयार आहे, मानधन नको, फक्त लिनक्स असलेली लॅब द्या. ती अर्धी-अर्धी पावती मी अजून फाइलमध्ये जपून ठेवली आहे, शाई पुसट झाली आहे पण ३.८ वाचता येतं, ती सोबत आणीन.

कळावे,
आपला एक नियमित वाचक,
चिंचवड